गुमा: मी भाड्याने राहत होते त्या घरचा समेट

मी २०१० ते २०१३ इथिओपियात होते, आसेला गावी, गणित शिकवायला. तिथली कॉफी, तिथली थंडी, तिथली पोरं यावर मी तासन्‌तास बोलते पण ही एक गोष्ट आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. दोनतीनदा सुरुवात केली तर अर्ध्यातच समोरचा म्हणाला, म्हणजे पैसे घेऊन खून माफ का? तसं नाहीये ते, आणि अगदीच तसं नाहीये असंही म्हणवत नाही. म्हणून आज बसून लिहितेच सगळं, लांबलं तर लांबू दे.

आसेला अर्सी भागात आहे, अदिस अबाबाहून खाली आग्नेयेला पावणेदोनशे किलोमीटर, उंची चोवीसशे मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्याही हजार मीटर वर, समोर चिलालो डोंगर. जव आणि गव्हाची शेती. धावण्याच्या शर्यती बघणाऱ्यांना हैले गेब्रसेलासी माहीत असेल, तो ह्याच भागातला. लोक ओरोमो, काही मुसलमान काही ख्रिश्चन, एकेका घरात दोन्ही. गावात फिरायला आपली बजाजची रिक्षा, तिथे तिला नुसतं बजाजच म्हणतात, पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून मला रडू आलं होतं.

मी ज्यांच्याकडे राहत होते त्यांना मी ओबो आणि आदे म्हणायचे. त्यांच्या भाषेत मोठ्या माणसाला मानाने ओबो म्हणतात, बाईला आदे. नावं लिहीत नाही. पुढे त्यांचं घर, मागे अंगणाच्या टोकाला माझ्या दोन खोल्या, मधे कॉफी भाजायची जागा. आदेंनी पहिल्याच आठवड्यात मला चुको खायला दिलं, जव भाजून दळायचे आणि ते पीठ लोण्यात कालवायचं, मला थेट आजीच्या हातचं सातूचं पीठ आठवलं.

नोव्हेंबर २०११. जवाची काढणी चालू होती. रात्री दोनच्या सुमाराला पत्र्याच्या गेटवर धडाधड हात आपटल्याचे आवाज आले, मी घाबरून कडी लावून आतच बसले. सकाळी बाहेर येऊन बघते तर अंगणात अकरा माणसं, अंथरुणं, एक म्हातारी आजी, तान्ही पोरं, कोंबड्या, दोन शेळ्या. ओबोंच्या थोरल्या भावाचं सगळं घर खेड्यातून उठून आलं होतं, बजाज सोडते तिथून पुढे तासभर चालत जायचं एवढ्या अंतरावरचं खेडं. त्यांच्या मुलाने आदल्या संध्याकाळी शेजारच्या माणसाला मारलं होतं. गुरं उभ्या जवात शिरली, शब्दाला शब्द वाढला, ह्याने काठी घातली ती डोक्यात बसली, आणि तो माणूस उठलाच नाही. मुलगा रात्रीच पायी चालत जाऊन पोलिसांच्या हवाली झाला होता.

तो पोलिसात गेला हे मला समजलं. पण ही आजी का पळून आली? ही चार वर्षांची पोर का? तिने काय केलंय?

कॉलेजात माझा एक सहकारी होता, अर्सीचाच, पुढच्या सगळ्या प्रकरणात तोच माझा दुभाषा झाला. त्याने सांगितलं की याला गुमा म्हणतात. गंमत बघा, गंमत नाही खरं तर, शब्द एकच आहे. रक्ताचा सूड घ्यायचा त्यालाही गुमा, आणि सूड न घेता त्या रक्ताची भरपाई घेऊन समेट करायचा त्यालाही गुमा. खून झाला की हिशेब उघडला, तो आता यातल्या एका वाटेने मिटणार, आणि मिटेपर्यंत खून करणाऱ्याच्या गोसातला कुठलाही पुरुष सुरक्षित नाही. गोसा म्हणजे भावकी समजा, पण आपल्यापेक्षा खूप मोठी. म्हणून खून झाल्याबरोबर नातेवाइकांनी तिथून निघून जायचं. जीव वाचवायला तर आहेच, पण त्याने दुसरंही एक कारण सांगितलं, ज्यांच्या घरात प्रेत पडलंय त्यांच्या डोळ्यासमोर आपण फिरायचं नाही. याला ते सफू म्हणतात. मर्यादा म्हणा, काय शोभतं काय नाही त्याची जाण म्हणा, आपल्याकडे एका शब्दात बसत नाही.

पुढचे कित्येक महिने मी हे सफू रोज बघितलं. आदेंनी आठवड्याच्या बाजाराला जाणं सोडलं कारण त्या घरच्या बायका तिथे येतात. ओबो बाहेर कुठे बसले तर भिंतीला पाठ लावून बसायचे. एकदा गावात तिसऱ्याच कुणाची तरी मयत झाली, आदेंची जुनी मैत्रीण होती ती, आदे अर्ध्या रस्त्यातून परत आल्या कारण कळलं की ती माणसंही आलीत. एका ठिकाणी बसायचं नाही, एका पाण्यावर जायचं नाही, एका भांड्यातलं खायचं नाही. आपल्याकडे सुतक असतं पण तेराव्याला ते फिटतं. ह्याला तारीखच नव्हती.

दरम्यान कोर्टात केस चालू होती. मुलाने गुन्हा कबूल केला होता. तिथल्या कायद्यात साध्या खुनाला पाच ते वीस वर्षं शिक्षा आहे, ह्याला नऊ झाली. निकाल लागला त्या संध्याकाळी मी ओबोंना म्हटलं, झालं ना आता, शिक्षा झाली, आता तरी तुम्ही बाजारात जाऊ शकता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सरकारने आपल्या पुस्तकाप्रमाणे त्याला आत टाकलं, बरोबर केलं. पण त्या आईला कुणी काय विचारलं? तिच्या घरी कोण गेलं?

मला तेव्हा हे नुसतं भावनेचं बोलणं वाटलं. नंतर कळलं की व्यवहारातही तसंच आहे. १९९५ च्या तिथल्या राज्यघटनेने रूढीच्या न्यायाला घरगुती आणि खाजगी बाबतीत जागा दिली, तीही दोन्ही बाजू राजी असतील तर, खुनाचा खटला सरकारचाच. पण नऊ वर्षं भोगून मुलगा परत आला आणि गुमा झालेला नसला तर रक्त तसंच उघडं. कोर्टाने शिक्षा दिली म्हणून कुणी सूड सोडत नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी चालतं, कोर्ट कोर्टाच्या रस्त्याने, म्हातारी माणसं त्यांच्या रस्त्याने.

ह्या म्हाताऱ्या माणसांना जार्सा म्हणतात. समेटाची सुरुवात खून करणाऱ्याच्या घरच्यांनी थेट करायची नसते, ते त्या दारात जाऊच शकत नाहीत. त्यांनी तिसऱ्या गोसातल्या जार्सांकडे जायचं. ओबो गेले, आणि मग ते जार्सा हातात हिरवं गवत घेऊन त्या घरी गेले. गवत हातात म्हणजे आम्ही शांततेसाठी आलोय, विनवायला आलोय. पहिल्या वेळी दारच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी मयताच्या भावाने लांबूनच परत जायला सांगितलं. सहकारी म्हणाला असंच असतं, पहिल्या हाकेला हो म्हणणं हा मेलेल्या माणसाचा अपमान.

मधल्या काळात जार्सा आमच्या अंगणात आले. मला वाटलं किती पैसे द्याल ते विचारायला आले असतील. पैशाचा विषयच निघाला नाही. बुना झाली, म्हणजे कॉफी, तीन फेऱ्या रीतसर, आणि मग त्यांच्यातला सगळ्यात वयस्क माणूस ओबोंच्या भावाला म्हणाला, काय झालं ते सांग. तो सांगायला लागला की झटापटीत चुकून लागलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि परत म्हणाला, काय झालं ते सांग. असं चार वेळा. गावात बोललं जात होतं की मयत माणूस खाली पडल्यावरही ह्या मुलाने अजून एक काठी घातली. म्हातारा स्पष्ट म्हणाला, अर्धं खरं घेऊन मी त्या दारात जाणार नाही, तिथे मला शपथेवर बोलावं लागतं. शेवटी बापाने मान खाली घालून सांगितलं, हो, पडल्यावर घातली. आजी आत होती, तिचा रडण्याचा आवाज बाहेर आला. कोर्टात ही दुसरी काठी कधी आलीच नव्हती. मी इतक्या वर्षांनंतरही त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करते.

तरी तिकडून हो येत नव्हतं. मग बायका निघाल्या.

आदेंच्या दाराशी कोपऱ्यात एक बारीक सरळ काठी कायम उभी असायची. सुरुवातीला मी एकदा उंच दोरीवरचा टॉवेल काढायला ती हातात घेतली तर आदे धावत आल्या आणि काढून घेतली, रागावल्या नाहीत पण परत तिथे ठेवताना तिला पुसलं. ती सिंके. लग्नाच्या दिवशी आई मुलीला देते. अर्सीत सिंकेला फार मोठा मान आहे, दोन बाजूचे पुरुष एकमेकांच्या अंगावर धावले आणि बायका सिंके घेऊन मधे उभ्या राहिल्या तर हात थांबवावाच लागतो, आणि सिंके घेऊन दारात आलेल्या बायकांना रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे वाकाच्या, म्हणजे देवाच्या, नजरेत वाईट.

आदे जाऊ शकत नव्हत्या, त्या खुन्याच्या घरच्या. ज्या जाणार होत्या त्या तिसऱ्या घरच्या बायका, पंचवीसतीस जणी. त्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, ही हिंदी, म्हणजे भारतीय, दोन्हीकडची नाही, हिला घ्या. मी सहकाऱ्याच्या बहिणीला बरोबर घेतलं कारण माझं ओरोमो बाजारापुरतं. माझ्याकडे सिंके नव्हती, त्यांनी माझ्या हातात गवत दिलं.

तासभर चाललो. त्या गात होत्या, एकीने म्हणायचं बाकीच्यांनी उचलून धरायचं, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखा जड संथ सूर. घराजवळ आल्यावर सगळ्या खाली बसल्या. मयताची आई बाहेर आली आणि तिने जे बोलायला सुरुवात केली ते मला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही आणि गरजही नव्हती. ती ओरडली, रडली, आत गेली, परत बाहेर आली. बायका बसूनच. ऊन चढलं. पाणी आणलेलं होतं ते कुणी प्यायलं नाही. दुपार कलली तरी बसूनच.

इथे मला मनात जे वाटलं ते लिहायलाच पाहिजे. मला वाटत होतं हा जुलूम आहे. ज्या घरातला माणूस मेलाय त्या घरासमोर तीस बायका बसल्यात, त्यांना नाही म्हणणं पाप, मग ह्या बाईने हो म्हणण्यावाचून दुसरं करायचं काय? आपल्याकडे जातपंचायतींनी काय काय केलंय ते मी वाचून होते, पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. गावाची शांतता टिकावी म्हणून एका बाईने गप्प बसायचं हे मला आपल्याकडे पटत नाही तर तिथे कसं पटेल. आणि मयताची बायको, चोवीसपंचवीसची असेल, कडेवर पोर, ती तर दाराच्या आतच उभी होती, तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

तेवढ्यात ती म्हातारी उठली, जिने मला घ्या म्हटलं होतं, आणि आईला ओलांडून सरळ आत त्या पोरीकडे गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर तिने बायकांना सांगितलं, बहिणीने माझ्या कानात सांगितलं ते असं: पोरीची एक अट आहे. भर सभेत तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं, त्याला मारलं असं म्हणायचं, आणि तो भांडखोर होता असं आजपासून कुणी म्हणायचं नाही.

कारण गावात तेच चाललं होतं ना. मेलेला माणूस तापट होता, त्यानेच सुरुवात केली, वगैरे. आमच्या अंगणातही चालायचं ते. मीही ऐकून मान हलवली होती.

त्या दिवशी आईने हो म्हटलं नाही, पण एका बाईच्या हातातलं गवत घेतलं. बायकांनी जिभेने जोरात ललकारी दिली आणि आम्ही उठलो.

मग आमच्या घरात गडबड सुरू झाली. गुमा एकट्या खुन्याने द्यायचा नसतो, सगळ्या गोसाने गोळा करायचा. ओबोंनी वही घातली, लांबलांबच्या गावांतून लोक यायचे, कुणी बिर्र, म्हणजे तिथले पैसे, देई कुणी वासरू कबूल करी, ज्यांनी त्या मुलाचं तोंडही पाहिलेलं नाही ते देत होते. मला हे फार मोठं वाटलं, कारण जो आज आपल्या खिशातून देतो तो उद्या आपल्या पोराच्या हातातली काठी आधी धरतो. मी पाचशे बिर्र पुढे केले. ओबोंनी घेतले नाहीत. म्हणाले हे रक्ताचं ओझं आहे, भावकीनेच उचलायचं, तुला द्यायचंच असेल तर भाडं आगाऊ दे. मग मी सहा महिन्यांचं भाडं एकदम दिलं.

गुमाचा दिवस सप्टेंबर २०१२ मध्ये आला, मोठा पाऊस संपून डोंगर पिवळ्या फुलांनी भरले होते तेव्हा. बोलावणं तीन वाजताचं होतं. तिथली वेळ सूर्य उगवल्यापासून मोजतात म्हणजे आपले सकाळचे नऊ. माळावर मोठं झाड, एका बाजूला लांब ते लोक, दुसऱ्या बाजूला लांब आम्ही, मधे जार्सा. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलत नाहीत, जार्साच उठून इकडे येणार, तिकडे जाणार. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते त्यामुळे सगळं दिसत नव्हतं, जेवढं दिसलं तेवढंच लिहिते.

आधी आकडा. तिकडून निरोप आला, शंभर गुरं. मी हादरले पण आजूबाजूला कुणी हललंही नाही, कारण माणसाचा गुमा शंभर हे जुनं बोलणं, तिथून खाली यायचं असतं. जार्सांनी विनवणी सुरू केली. वाकासाठी कमी करा. ह्या पांढऱ्या केसांसाठी कमी करा. सिंकेसाठी कमी करा. प्रत्येक नावाला तिकडची माणसं आपापसात बोलत, मग थोडं खाली. माझा सहकारी नंतर म्हणाला की शंभर म्हटलं नाही तर माणसाची किंमत केली असं होईल, आणि खाली आलं नाही तर समेट केला असं होणार नाही. शेवटी काही गुरं आणि बाकी रोख ठरलं. आकडा लिहीत नाही, तो त्या दोन घरांचा आहे.

मग ओबोंच्या भावाला पुढे बोलावलं. मुलगा तुरुंगात म्हणून बाप. तो माणूस मला कायम उंचापुरा वाटायचा, त्या दिवशी वाकून चालत होता. त्याने नाव घेतलं. बापाचं नाव, आजाचं नाव लावून पूर्ण घेतलं, तिथे तसंच घेतात. म्हणाला माझ्या मुलाने त्याला मारलं, तो खाली पडल्यावरही मारलं. तो चांगला शेजारी होता, माझ्या घराचं छप्पर घालायला तो आला होता. हे शेवटचं कुणी त्याला सांगायला सांगितलं नव्हतं. समोरच्या बाजूने काही आवाज आला नाही. मी त्या पोरीकडे बघत होते, तिने मूल एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, एवढंच.

मेंढा कापला, तो भाग पुरुषांच्या गर्दीत झाला. त्यानंतर म्हाताऱ्याने आशीर्वाद सुरू केले, तो एकेक ओळ म्हणे आणि सगळा माळ म्हणे हा ताऊ, म्हणजे तसंच होवो. नगा म्हणजे शांती, तो शब्द प्रत्येक ओळीत. पाऊस नीट येवो, हा ताऊ. गुरं वाढोत, हा ताऊ. हे रक्त इथेच थांबो. इथे आधी फक्त आमच्या बाजूने आवाज आला. म्हातारा थांबला. परत म्हणाला. तेव्हा तिकडूनही आला.

मग दोन्हीकडच्या माणसांना एका ताटाशी बसवलं. दहा महिन्यांनी. आईने घास हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. कुणी घाई केली नाही, म्हातारासुद्धा स्वतःचा घास हातात धरून थांबला. मग तिने खाल्ला.

परत येताना मी सहकाऱ्याशी भांडले. त्या गुरांतलं मयताच्या बायकोला किती मिळणार? त्याने सांगितलं की गोसाने जसं मिळून दिलं तसं मयताच्या गोसातही वाटलं जातं, घरच्यांचा हिस्सा मोठा. मी म्हटलं शेत ती एकटी बघणार, पोर ती वाढवणार, मग चुलत्यांना कशाला? तो म्हणाला कारण सूड घेणारे हात त्यांचे असतात. हे मला आजही पटलेलं नाही. सूड न घेण्याबद्दल चुलत्याला वासरू आणि नवरा गेल्याबद्दल बायकोला तेवढंच थोडं जास्त, हे बदलायला हवं, आणि तिथल्या शिकलेल्या मुली हे बोलतात, माझ्या वर्गात बोलायच्या.

दुसऱ्या आठवड्यात आदे बाजाराला गेल्या. काय आणलं असेल? काहीच नाही, कांदे. अकरा माणसं खेड्यात परत गेली, अंगण एकदम मोठं दिसायला लागलं.

२०१६ मध्ये ओरोमोंची गदा पद्धत, म्हणजे समाजाचा कारभार चालवायची त्यांची जुनी रीत, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली तेव्हा मी पुण्यात होते, सहकाऱ्याला फोन केला, तो खूश होता. २०२१ मध्ये ओरोमियाने, म्हणजे आसेला ज्या राज्यात येतं त्याने, रूढीच्या कोर्टांना कायद्याने मान्यता दिली तेही त्यानेच कळवलं. मी त्याला पहिलं हेच विचारलं की बायका कुठे बसणार.

मुलगा दोन तृतीयांश शिक्षा भोगून सुटला, समेट झालेला होता त्याचा उपयोग झाला. आदेंची मुलगी टेलिग्रामवर बोलते माझ्याशी, तिने सांगितलं. तो बापाची शेती बघतो. त्या घरासमोरून जाणारा रस्ता आता त्याला मोकळा आहे, कुणी काही म्हणणार नाही. पण तो अजून खालच्या ओढ्याकडून वळसा घालून जातो, गुरं बरोबर असली तरी.